शंख फुंकणाऱ्याचा श्वास : मिलिंदपञ्हातील अनन्तकायाच्या प्रश्नाविषयी

मिलिंदपञ्हातील रथाचा दृष्टान्त आपल्या उपासक-उपासिकांना चांगला परिचित आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, दांडी म्हणजे रथ नव्हे. तरीही रथ हा शब्द व्यवहारात चालतो. त्याचप्रमाणे नागसेन हेही एक व्यवहारातील नाव आहे, त्यामागे कोणी स्वतंत्र पुद्गल नाही. अनात्मवादावरील आपल्या बहुतेक व्याख्यानांत हा दृष्टान्त येतो आणि तेथेच व्याख्यान संपते. परंतु ग्रंथात तो विषय तेथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राजाचे अमात्य स्थविरांना राजवाड्यावर नेण्यासाठी येतात आणि रस्त्याने चालता चालता त्यांच्यापैकी अनन्तकाय हा एक प्रश्न विचारतो. या लहानशा संवादाकडे आमच्या अभ्यासकांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. आमचेही गेले नव्हते. ते कसे गेले, हे आधी सांगणे योग्य होईल.

कात्रज परिसरातील एका विहारात वर्षावासाच्या काळात आम्ही मिलिंदपञ्हावर काही प्रवचने दिली. रथाचा दृष्टान्त सांगून झाल्यावर मागच्या रांगेत बसलेल्या एका वयस्क उपासिकेने हात वर केला. काही महिन्यांपूर्वीच त्यांचे पती निवर्तले होते. त्या म्हणाल्या, "सर, आत्मा नाही हे बाबासाहेबांनी सांगितलं, ते मी मानते. पण मालकांचा शेवटचा श्वास चालला तेव्हा मी नाकाशी बोट धरून बसले होते. तो बोटाला लागला आणि गेला. मग तो कुठं गेला, एवढंच सांगा." सभागृह शांत झाले. पुढे बोलताना त्यांनी सांगितले, की घरातील एका वडीलधाऱ्या नातेवाइकाने 'जीव घोटाळत राहील' असे म्हणून दहाव्याचा आग्रह धरला होता. त्यांनी तो मानला नाही. पण रात्री झोप लागत नव्हती.

श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आपण १४ ऑक्टोबर १९५६ पासून घेत आलो आहोत. ती पाळणाऱ्या या माउलीच्या प्रश्नाला रथाच्या दृष्टान्ताने उत्तर मिळत नव्हते, हे आम्हांस तेथेच जाणवले. रथ मोडला तर त्याचे सुटे भाग डोळ्यांपुढे पडलेले असतात. श्वासाचे तसे नाही. तो दिसत नाही, पण लागतो. असतो, आणि नंतर नसतो. आत्म्याची कल्पना माणसाला प्रथम सुचली असेल तर ती येथेच सुचली असावी. लॅटिनमधील 'स्पिरिटुस' आणि 'अनिमा', ग्रीकांचे 'न्यूमा' आणि 'प्सीखे', हिब्रूतील 'रूआख' हे सर्व शब्द मुळात वाऱ्याचे किंवा श्वासाचे आहेत. आपल्याकडील 'प्राण' हा शब्द श्वास घेणे या अर्थाच्या 'अन्' धातूपासून आला आहे. 'आत्मन्' या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त असली, तरी कित्येक भाषाशास्त्रज्ञांनी तीही श्वासाशीच नेऊन जोडली आहे. मराठीत तर जीव जातो, प्राण कंठाशी येतात आणि संकट टळले म्हणजे जिवात जीवही येतो. बुद्धिवादी मनुष्यसुद्धा हे बोलतो. भाषेत आत्मवाद असा मुरलेला आहे.

अनन्तकाय हे नाव ग्रीक 'अँटिओकॉस' याचे पालिरूप असावे असा तर्क विद्वानांनी केला आहे. तो खरा असो वा नसो, त्याचा प्रश्न कोणत्याही देशातील साध्या माणसाचा आहे. तो विचारतो, की ज्याला आपण नागसेन म्हणता, तो यात कोण? स्थविर उलट त्यालाच विचारतात, की तुला काय वाटते? तो उत्तर देतो, की आत जो वायू, जो जीव प्रवेश करतो आणि बाहेर पडतो, तोच नागसेन असे मी समजतो. यावर स्थविर म्हणतात : बाहेर पडलेला वायू परत आला नाही, किंवा आत गेलेला बाहेर पडला नाही, तर तो माणूस जगेल काय? नाही, असे अनन्तकाय म्हणतो. मग शंख फुंकणारे शंख फुंकतात, बासरीवाले बासरी वाजवतात, शिंगवाले शिंग फुंकतात. त्यांचा वायू पुन्हा आत येतो काय? नाही. तर ते मरत का नाहीत? अनन्तकाय निरुत्तर होतो आणि अर्थ समजावून सांगण्याची विनंती करतो. स्थविर सांगतात, की हा जीव नव्हे. अस्सास-पस्सास हे कायसङ्खार आहेत. त्यानंतर ते त्याला अभिधम्माची कथा सांगतात आणि अनन्तकाय उपासक होतो.

पुढील आठवड्यात आम्ही हा संवाद विहारात वाचून दाखवला, तेव्हा त्याच उपासिका म्हणाल्या, "पण सर, शंख फुंकणारा पुन्हा दम घेतोच की!" लोक हसले. आम्हीही हसलो, परंतु आक्षेप बिनतोड होता. वरवर पाहता नागसेनांचा युक्तिवाद हा वादसभेतील एक डाव वाटतो. पाश्चात्त्य वाचकांपैकी काहींना तो तसाच वाटला असल्यास नवल नाही.

आमच्या मते या आक्षेपातच संवादाचे मर्म आहे. शंख फुंकणारा पुन्हा दम घेतो हे खरे. पण तो दम दुसरा असतो. शंखातून गेलेला वायू आकाशात मिसळून गेला, तो परत आलेला नाही. जगणे चालू राहिले ते नव्या वायूमुळे. अनन्तकायाची कल्पना अशी होती, की एकच एक वस्तू आत-बाहेर करीत आहे आणि तीच मनुष्याचे सार आहे. पिंजऱ्यातील पक्षी उडून जातो आणि परत येतो, तशी. नागसेन त्या 'एकच एक' या शब्दावर बोट ठेवतात. रथाच्या दृष्टान्तात अनात्मता भागांच्या अंगाने सांगितली आहे, येथे ती काळाच्या अंगाने सांगितली आहे. अनित्यता आणि अनात्मता यांचा सांधा येथे जितका हाताला लागतो, तितका रथाच्या दृष्टान्तात लागत नाही. म्हणून आमच्या मते हा संवाद रथाच्या दृष्टान्ताइतकाच महत्त्वाचा आहे.

तथापि त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. या युक्तिवादाने श्वास म्हणजे आत्मा हे मत खंडित होते; आत्मा आहे हे मत संपूर्णपणे खंडित होत नाही. उपनिषदांचा अभ्यासक म्हणेल, की आम्ही तरी श्वासाला आत्मा कुठे म्हटले? छान्दोग्यात इंद्रियांचा कलह येतो. वाणी, नेत्र, श्रोत्र, मन हे एकेक वर्षभर देह सोडून जातात, तरी देह जगतो. प्राण निघू लागताच मात्र, उमदा घोडा पायाच्या दाव्याचे खुंटे उपटून टाकतो तशी, सर्व इंद्रिये उखडली जातात. येथे प्राण श्रेष्ठ ठरतो. पण त्याच परंपरेने पुढे आत्म्याला प्राणाचाही प्राण म्हटले, म्हणजे त्याला श्वासाच्या पलीकडे नेऊन ठेवले. अशा आत्म्याला शंखाचा दृष्टान्त लागू पडत नाही. त्याचा समाचार मिलिंदपञ्हात पुढे वेदगूच्या प्रश्नात घेतला आहे. राजा म्हणतो, की महालात बसलेला माणूस हव्या त्या खिडकीतून पाहतो, तसा आतला जीव डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो. स्थविर विचारतात, मग तो कानाने पाहू शकेल काय? आणि खिडक्या काढून टाकल्यावर माणसाला बाहेरचे अधिक स्पष्ट दिसते, तसे डोळे काढल्यावर या जीवाला अधिक स्पष्ट दिसेल काय? दोन्ही संवाद एकत्र वाचल्याखेरीज प्रतिपक्षाला न्याय मिळत नाही आणि आपल्या पक्षालाही बळ येत नाही.

आता 'कायसङ्खार' या शब्दाकडे वळू. येथे भाषांतराचा घोळ मोठा आहे. आमच्या वर्गात हा उतारा भाषांतरासाठी दिला, की निम्मे विद्यार्थी 'जीव' या शब्दासाठी 'आत्मा' लिहितात आणि बहुतेक सर्व जण 'कायसङ्खार' म्हणजे 'शरीराचे संस्कार' असे लिहून मोकळे होतात. मराठीत संस्कार म्हटले, की सोळा संस्कार, चांगले संस्कार, फार तर अंत्यसंस्कार. श्वास हा शरीरावरचा संस्कार आहे असे वाचून मराठी वाचकाला काय बोध व्हावा? मज्झिमनिकायातील चूळवेदल्लसुत्तात धम्मदिन्ना थेरीने या शब्दाचा उलगडा केला आहे. विशाख उपासक विचारतो आणि ती सांगते, की आश्वास-प्रश्वास हे कायिक धर्म आहेत, ते कायेशी निगडित आहेत, म्हणून त्यांना कायसङ्खार म्हणतात. विशाख हा तिचा पूर्वाश्रमीचा पती, अशी माहिती अट्ठकथेत आहे. श्वासाचे तत्त्वज्ञान एका स्त्रीने आपल्या एके काळच्या पतीला समजावून दिले, ही गोष्ट आमच्या विहारांत आवर्जून सांगितली जावी असे आम्हांस वाटते.

श्वास कायेशी निगडित आहे, म्हणजे नेमके कसा? आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमग्गाच्या आठव्या परिच्छेदात लोहाराच्या भात्याचा दृष्टान्त दिला आहे. भात्याची कातडी आणि माणसाचा त्याला अनुरूप असा प्रयत्न यांच्यामुळे वारा खेळतो. तसे काया आणि चित्त यांच्यामुळे आश्वास-प्रश्वास चालतात. भात्यात कोणी राहत नाही. त्याच परिच्छेदात श्वास कोठे कोठे नसतो, अशी सात स्थाने सांगितली आहेत : मातेच्या उदरातील गर्भ, पाण्यात बुडी मारलेले, बेशुद्ध, मृत, चतुर्थ ध्यानात असलेले, रूप व अरूप भवातील आणि निरोधसमापत्तीत असलेले. आधुनिक शरीरशास्त्राच्या कसोटीवर ही यादी जशीच्या तशी उतरेल असा आमचा दावा नाही. परंतु विचाराची दिशा पाहावी. या सातांपैकी मृत हे एकच स्थान मरणाचे आहे. गर्भ नाकाने श्वास घेत नाही, तरी जिवंत आहे. श्वास म्हणजे जीव असे समीकरण मांडणाऱ्याला हा गर्भ आधी ओलांडावा लागेल. महावेदल्लसुत्तातही मृत देह आणि निरोधसमापत्तीतील भिक्खू यांच्यातील फरक सांगताना श्वासाचा आधार घेतलेला नाही. तेथे आयुष्य आणि उष्मा यांचा उल्लेख आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पुनर्जन्माची चर्चा करताना याच सुत्ताचा आधार घेतला आहे, हे सुजाण वाचकांच्या स्मरणात असेलच.

कात्रजच्या त्या विहाराकडे जाता-येता आमच्या मनात दुसराही एक दृष्टान्त घोळत असे. तो ग्रंथातला नाही, रस्त्यावरचा आहे. नानासाहेब पेशव्याच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत भूमिगत दगडी नळ बांधून पुण्याला पाणी नेले गेले. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून त्या मार्गावर ठिकठिकाणी वाटा ठेवलेल्या आहेत. त्यांना जुन्या पुण्यात 'उच्छ्वास' असे नाव आहे. हवा कोंडली, की पाणी अडते. उच्छ्वास मोकळा असला, की ते वाहते. नळ श्वास सोडतो असे म्हणायला हरकत नाही, पण त्या नळात जीव आहे असे कोणी म्हणणार नाही. (त्या पाण्यावर हक्क कोणाचा होता, हा प्रश्न वेगळा. महात्मा फुल्यांना १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, यावरून पुण्यातील इतर हौदांची स्थिती ध्यानात येते.) श्वास घेणारा कोणी नसताना श्वास चालू शकतो, हे त्या उपासिकेला आम्ही बुद्धघोषांच्या भात्याने सांगितले, पण पटले ते उच्छ्वासाने. त्यांचे माहेर त्याच भागातले.

हा सर्व विचार आज मांडण्याचे कारण केवळ ग्रंथविषयक नाही. अलीकडे आपल्या वस्त्यांमधून श्वासाच्या साधनेचे वर्ग वाढले आहेत. त्यात वाईट काही नाही. आनापानसति ही तथागतांनीच शिकवलेली साधना आहे. परंतु काही ठिकाणी वाटल्या जाणाऱ्या पत्रकांची भाषा पाहून आम्ही अस्वस्थ झालो. श्वासावाटे आत्मशक्ती आत येते, श्वास हा जीवात्म्याचा धागा आहे, अशी वाक्ये बुद्धमूर्तीच्या चित्राखाली छापलेली आम्ही वाचली आहेत. ही भाषा कोठून आली, हे सांगणे कठीण नाही. हठयोगाच्या परंपरेत प्रत्येक श्वासाबरोबर 'सोऽहम्' हा मंत्र आपोआप जपला जातो असे मानतात. 'तो मी आहे' असा त्याचा अर्थ. दिवसाकाठी हा जप २१,६०० वेळा होतो, म्हणजे मिनिटाला १५ श्वास. हिशेब चोख आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे आणि प्राणाचे जे वर्णन आहे, त्याच्या वाङ्मयीन थोरवीबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण ती वाट निराळी आणि राहुलाला दाखवलेली वाट निराळी, हे विसरून चालणार नाही.

महाराहुलोवादसुत्त या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. सारिपुत्त राहुलाला आनापानसतीची भावना करण्यास सांगतात. राहुल सायंकाळी तथागतांकडे जाऊन ती कशी करावी हे विचारतो. तथागत त्याला लगेच श्वासाविषयी सांगत नाहीत. ते प्रथम धातूंविषयी सांगतात : पृथ्वी, आप, तेज, वायो, आकाश. शरीरातील वायोधातूत वर जाणारे वारे, खाली जाणारे वारे, पोटातले, आतड्यातले, अवयवांतून फिरणारे वारे आणि शेवटी आश्वास-प्रश्वास असा क्रम आहे. म्हणजे ज्याला इतर परंपरा आत्म्याचे वाहन म्हणून देव्हाऱ्यात बसवतात, त्याला तथागतांनी ढेकर आणि अपानवायू यांच्या पंगतीला बसवले आहे! आणि या सर्वांकडे हे माझे नव्हे, हा मी नव्हे, हा माझा आत्मा नव्हे, अशा दृष्टीने पाहावयास सांगितले आहे. 'तो मी आहे' आणि 'हा मी नव्हे' या दोन वाक्यांचा मेळ कोणत्याही समन्वयाने बसणार नाही. श्वास एकच, बसण्याची मांडी एकच, डोळेही तसेच मिटलेले. पण एकात श्वासावर 'मी' चढवला जातो आणि दुसऱ्यात उतरवला जातो.

श्वास अडवून धरण्याचा प्रयोगही बोधिसत्त्वाने करून पाहिला होता. महासच्चकसुत्तात त्याचे वर्णन आहे. तोंड आणि नाक यांतून श्वास रोखल्यावर कानांतून वारा लोहाराच्या भात्यासारखा आवाज करीत निघू लागला, मस्तकात असह्य वेदना झाल्या, अंगाचा दाह झाला. शेवटी तो मार्ग त्यांनी सोडला. येथेही भाताच आहे, हे पाहण्यासारखे आहे. बुद्धघोषांना दृष्टान्त सुचला तो कदाचित येथूनच. आनापानसतीत श्वास अडवायचा नसतो, लांबवायचा नसतो. तो दीर्घ असेल तर दीर्घ आहे, ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व आहे, एवढे जाणायचे असते. सत्यनारायण गोएंका (१९२४-२०१३) यांच्या दहा दिवसांच्या शिबिरांतही श्वास स्वाभाविक ठेवण्यावर आणि त्याला कोणताही शब्द अथवा रूप न जोडण्यावर भर असतो. त्यांच्या इतर काही मतांविषयी आपल्या चळवळीत मतभेद आहेत आणि ते सकारण आहेत. पण या एका मुद्द्यावर ती शिकवण सुत्ताला धरून आहे, हे मान्य केले पाहिजे. उलट, ध्यान म्हणजे ब्राह्मणी थोतांड असे म्हणून आनापानसतीच टाकून देणारे आपले काही मित्र आहेत. त्यांनी धर्मानंद कोसंबी यांचे 'समाधिमार्ग' हे पुस्तक एकदा शांतपणे वाचावे, अशी आमची विनंती आहे.

आत्म्यावरील विश्वास हा ईश्वरावरील विश्वासाहूनही अधिक घातक आहे, कारण त्यामुळे माणूस जन्मापासून मरणापर्यंत पुरोहिताच्या ताब्यात जातो, असे बाबासाहेबांनी 'धम्म काय नव्हे' या विवेचनात म्हटले आहे. त्या उपासिकेच्या घरी जे घडले, ते याचेच उदाहरण होय. घोटाळणारा जीव असल्याशिवाय पिंड कोणासाठी? कावळा शिवण्याची वाट कोणासाठी पाहायची? पत्रकातील 'जीवात्म्याचा धागा' आज निरुपद्रवी वाटेल, पण शोकाच्या दहाव्या दिवशी त्या धाग्याचे दुसरे टोक कोणाच्या हाती असते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगावे लागू नये.

राहुलाला दिलेल्या उपदेशाचा शेवट मात्र आम्ही त्या उपासिकेसाठी राखून ठेवला होता. आनापानसतीची भावना नीट केली, तर शेवटचे आश्वास-प्रश्वासही जाणीवपूर्वकच निरुद्ध होतात, अजाणता होत नाहीत, असे तथागत तेथे म्हणतात. सुत्तातील क्रियापद 'निरुज्झन्ति' असे आहे. म्हणजे ते थांबतात, निमतात. 'जातात' असा शब्द तेथे नाही. त्यामुळे कुठे गेला या प्रश्नाला उत्तर द्यावे लागत नाही. विझलेली ज्योत पूर्वेला गेली की पश्चिमेला, हे जसे विचारता येत नाही, तसे हे. आम्ही हे सांगितले तेव्हा त्या काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तो कुठं एकटा फिरत नाही." आम्ही म्हटले, "नाही, आजी." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुढच्या प्रवचनाचा वार विचारला.

या वर्षी वर्गासाठी या संवादाचे जे भाषांतर आम्ही केले आहे, त्यात 'जीव' हा शब्द तसाच ठेवला आहे, त्याचा आत्मा केलेला नाही. 'कायसङ्खार' हा पालि शब्दही तसाच ठेवून धम्मदिन्नेचा खुलासा त्याच्याजवळ दिला आहे. 'अस्सास' म्हणजे आत येणारा श्वास की बाहेर पडणारा, यावर विनयाच्या आणि सुत्तांच्या अट्ठकथांचे एकमत नाही. बुद्धघोषांनी दोन्ही मते नोंदवली आहेत. विनयाच्या अट्ठकथेप्रमाणे तो बाहेर पडणारा श्वास. आम्ही तूर्त तेच मत स्वीकारले आहे. पालीत याच शब्दाचा दुसरा अर्थ दिलासा असा आहे. मराठीतील 'आश्वासन' हा शब्दही याच धातूचा.